क्लॅटची तयारी: धरमपेठेतला क्लास की महालातले सर?

नागपुरात बारावीच्या वर्षी क्लॅटसाठी, म्हणजे राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या (एनएलयू) प्रवेश परीक्षेसाठी, मी क्लास आणि सर दोन्ही करून बसलो. एप्रिल ते जुलै क्लास, आणि ऑगस्टपासून डिसेंबरच्या पेपरपर्यंत सरांकडे शिकवणी. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाच्या पोराने लॉचं नाव काढलं की फोन मला येतो. पॅटर्न सगळ्यांना पाठ असतो, 120 प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क गेला. विचारायचं असतं ते एवढंच की क्लास लावू की कुणी सर बघू.

आधी क्लासच्या बाजूने बोलतो, कारण त्याची वर्षाची फी बाबांनी एकदम भरली होती आणि ती परत मिळाली नाही.

चालू घडामोडींसाठी क्लासच बरा, यात मला शंका नाही. त्या विभागाचे 28 ते 32 प्रश्न असतात, म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा. क्लासमध्ये दर महिन्याला त्याची पुस्तिका मिळायची आणि शनिवारी त्यावर छोटी टेस्ट व्हायची. सरांकडे या विषयाचा कार्यक्रम एका वाक्यात संपला: ‘रोज पेपर वाच.’ शेवटी क्लासमध्येच राहिलेल्या मित्राच्या पुस्तिका बर्डीवर झेरॉक्स करून आणत गेलो. दुसरी गोष्ट गर्दीची. क्लॅट कागदावर होते, गोळे काळे करायचे असतात. आपल्या राज्याच्या लॉ सीईटीसारखी ती संगणकावर नाही. साठ-सत्तर पोरं पानं उलटत असताना आपलं पान पुढे सरकत नाही, तेव्हा पोटात जे होतं त्याची सवय घरी एकट्याने बसून लागत नाही. मॅथ्सलाही क्लासच ठीक होता, पण ते दहा-चौदा प्रश्न असतात, त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही.

मग सोडला काऊन? ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कारण एकच. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, झाला की क्लासवाले प्रश्नपत्रिका परत घ्यायचे.

तोच पेपर दुसऱ्या बॅचला द्यायचा असतो, बाहेर फुटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही चूक नाही म्हणा. रविवारी मॉक, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मार्क आणि रँक, आणि चर्चा गुरुवारी. गुरुवारी क्लासचे सर उभे राहून म्हणायचे, ‘सत्तेचाळीस, उत्तर बी. कुणाला डाऊट?’ डाऊट मला असायचा, पण कशात ते सांगायला माझ्यापुढे पेपरच नसायचा. मी डी का केला होता, उतारा नेमका काय म्हणत होता, चार दिवसांत सगळं पुसट झालेलं. क्लासच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ऑफिसात येऊन बघून जा. मी मानेवाड्याहून यायचो, आणि कॉलेज सुटून मी पोचेपर्यंत ऑफिसला कुलूप. जुलैपर्यंत सात मॉक झाले. मार्क साठ-बासष्टच्या वर हलेनात, आणि कुठे अडतंय ते सांगता येईना.

ऑगस्टात बाबांच्या ओळखीने महालातले एक वकील मिळाले. हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात प्रॅक्टिस, संध्याकाळी दोन-तीन पोरं शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. एक उतारा सोडवायला दिला. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेल्या करारावर होता. मी खूश. मायनरचा करार व्हॉइड, म्हणजे रद्दबातल, हे क्लासमध्ये घोकून झालं होतं. प्रश्न असा, की एका दुकानदाराने पोरक्या मुलाला वर्षभर किराणा उधार दिला, मुलाच्या नावावर घर आहे, तर दुकानदाराला पैसे मिळतील का? मी ठोकून दिलं, नाही मिळणार.

सर म्हणाले, ‘हे उताऱ्यात कुठं आहे? बोट ठेव.’

बोट ठेवायला जागाच नव्हती. उलट तिसऱ्या परिच्छेदात सरळ लिहिलं होतं की जीवनावश्यक वस्तू पुरवल्या असतील तर त्या मुलाच्या मालमत्तेतून वसुली करता येते. 1872 च्या करार कायद्यात ते कलम आहेच. पण मुद्दा कलमाचा नव्हता. या पेपरला कायदा आधी माहीत असावा लागत नाही, उताऱ्यात दिलेला नियम दिलेल्या प्रसंगाला लावायचा असतो, आणि मी पाठांतरातून उत्तरं देत होतो. सात मॉकमध्ये बहुतेक हेच केलं असणार. तपासायला पेपर नव्हते.

पुढे प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर बोट ठेवणं हीच शिकवणी झाली. दीड तासात कधी दोनच उतारे व्हायचे.

सरांचा त्रास नव्हता असं नाही. आठवड्याचे तीन दिवस ठरलेले, त्यातला एक हमखास बुडायचा. साडेसातला मेसेज यायचा, ‘आज कोर्टाचं बोर्ड संपलंच नाही, उद्या बघू.’ उद्या त्यांना कुणाचं तरी ड्राफ्टिंग असायचं. नोव्हेंबरात तर मी रडकुंडीला आलो होतो. मॉक ते घेत नसत, म्हणून वेगळी टेस्ट सिरीज विकत घ्यावी लागली. पैसे मात्र महिन्याचे महिन्याला, त्यामुळे नाही जमलं तर सोडून देता येत होतं, पैसे अडकल्याची धाकधूक नव्हती.

आता हे माझ्यापुरतं. ज्याला कुणी मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्याने क्लासच लावावा, सर बुडवतील त्या दिवशी तो झोपेल. ज्याला फक्त सीईटी द्यायची आहे त्याला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्याला यातलं निम्मं लागूही होणार नाही. पण वारंग्याच्या विधि विद्यापीठावर किंवा बाहेरच्या एखाद्या एनएलयूवर डोळा असेल, आणि मार्क एका जागी अडून बसले असतील, तर मी तरी पुन्हा महालातच जाईन, झेरॉक्सच्या पुस्तिका घेऊन.

क्लासच बघायचा असेल तर डेमोला पोराला एकटं पाठवू नका, सोबत जा. फी विचारायच्या आधी विचारा की मॉकचा पेपर घरी नेता येतो का. ‘सर सगळं डिस्कस करतात’ असं उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा.