सांबा एडी, वर्षभर वापरल्यावर: सर्व्हर फुकट, सेलचे पैसे वेगळे

हा रिव्ह्यू दिवाळीनंतर रागाच्या भरात अर्धा लिहून ठेवला होता. तेव्हा दोन स्टार दिले होते. तो भाग तसाच ठेवतोय, कारण राग खरा होता. पुढचं नंतरचं आहे.

सेटअप थोडक्यात. फोर्टात कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस, पस्तीसेक मशीन, न्हावा शेवाला छोटी शाखा. डेबियन लिनक्सवर सांबा हे फुकट सॉफ्टवेअर, एडीचा (मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या युजर आणि मशीनची एकच यादी, त्या गोतावळ्याला डोमेन म्हणतात) डोमेन कंट्रोलर म्हणून, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर. बॉक्स म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, त्यात नवी एसएसडी आणि ८ जीबी रॅम. आमच्याएवढ्या पसाऱ्याला हे पुरून उरतं. बहुतेक मशीन विंडोज, स्कॅनिंगच्या टेबलावरची उबुंटू. बॉक्स बसवून दिला तो आमच्या एएमसीवाल्याने (वर्षाच्या देखभालीचा कंत्राटदार), रोजचं मी बघतो.

विंडोज सर्व्हर का नाही? कोटेशन मागवलं होतं. सर्व्हरचं लायसन्स कोअर मोजून, कमीत कमी १६ कोअरचं, आणि त्यावर दर माणशी किंवा दर मशीन कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, वेगळं. शेठनी कागद उलटसुलट करून एकच प्रश्न विचारला, "माणूस नुसतं लॉगिन करणार, त्याचे पण पैसे?" तिथे विषय संपला. सांबा डिसेंबर २०१२ मध्ये ४.० झालं तेव्हापासून एडीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतं. विंडोज मशीन नेहमीसारखी जॉइन होतात, आणि युजर, ग्रुप, पॉलिसी (सगळ्या मशीनना एका जागेवरून लावलेले नियम) हे सगळं विंडोजच्याच आरसॅट नावाच्या खिडक्या-बटणांच्या टूल्समधून सांभाळता येतं. कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनला घाबरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

"फुकट"ला पहिला तडा पहिल्याच आठवड्यात गेला. मागच्या वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले लॅपटॉप विंडोज होम निघाले. होम एडिशन डोमेनला जॉइन होत नाही, समोरचा सर्व्हर कुणाचाही असो. प्रोचे पैसे भरले. शेठ अजून त्याला "तुझ्या फुकट सर्व्हरचा खर्च" म्हणतात. लॅपटॉप कुणी निवडले होते हे मी त्यांना आठवून देत नाही.

हे सगळं केलं कशासाठी? आमच्या धंद्यात पोरगा आज आपल्याकडे असतो, पुढच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या एजंटकडे. आधी प्रत्येक मशीनवर एकच अकाउंट, त्याचा पासवर्ड अख्ख्या मजल्याला पाठ. शेअर फोल्डरमध्ये पार्टीची इन्व्हॉइस, आयात-निर्यातीचे कागद, सगळं उघडं. आता माणूस गेला की अकाउंट डिसेबल करायचं, पाच सेकंदांचं काम. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पूर्ण स्टार द्यायला तयार आहे. मात्र डिसेबल केलं म्हणजे त्या क्षणी दार बंद झालं असं समजू नका. कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) लॉगिनला जो पास देतो, ते तिकीट आधी हातात पडलेलं असेल तर ते डिफॉल्टने १० तासांपर्यंतचं असतं, शेअरवरचं उघडं सेशन हाताने तोडावं लागतं. लॅपटॉप नेटवर्कबाहेर असेल तर विंडोज जपून ठेवलेल्या जुन्या लॉगिनवर माणसाला आत घेतं. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की आधी लॅपटॉप टेबलावर, मग हिशेब.

डीएनएसबद्दल, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरबद्दल, एकच गोष्ट सांगतो. सगळ्या मशीनचा डीएनएस हा डोमेन कंट्रोलरच हवा, राउटर नको, "सेकंडरी म्हणून गुगलचा टाकून ठेव" तर मुळीच नको. कंट्रोलर कुठे आहे हे क्लायंट डीएनएसच्या एसआरव्ही रेकॉर्डमधून (कुठली सेवा कुठल्या मशीनवर, याची नोंद) शोधतो आणि ते रेकॉर्ड बाहेरच्या कुणाकडेही नसतात. ब्रॉडबँडचा माणूस एकदा राउटर बदलून गेला, नव्या राउटरने आपलाच डीएचसीपी सुरू केला, म्हणजे मशीनना पत्ता आणि डीएनएस तोच वाटू लागला, इंटरनेट झकास चालू आणि डोमेन गायब. अर्धा दिवस गेला. डोमेनचं नाव डॉट-लोकल ठेवू नका, ते एमडीएनएसशी (जवळची मशीन सर्व्हरशिवाय एकमेकांना शोधतात ती पद्धत, तिचंही नाव डॉट-लोकलच) भांडतं. कंपनीचं जे खरं डोमेन आहे त्याच्या पोटात एक नाव काढा.

आता घड्याळ.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला बंद झालेलं ऑफिस लाभपाचमीला उघडतं. बिल्डिंग जुनी, वायरिंग त्याहून जुनी, त्यामुळे सुट्टीत मेन स्विच खाली करून जायचं हा शेठचा दंडक, आणि आगीच्या भीतीने आहे म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. एरवी रात्री इतर मशीनची लाइन बंद होते, सर्व्हरची चालू असते. दिवाळीत तीही बंद. यूपीएस केव्हाच दमला असणार. लाभपाचमीला पूजा झाली, पेढे वाटले, मशीन चालू केली, आणि एकेकाच्या स्क्रीनवर निरोप आला की क्लायंट आणि सर्व्हरच्या तारीख-वेळेत फरक आहे. उबुंटूवाल्यांचं तर नुसतंच "पासवर्ड चुकला" छाप तोंड. लॉग उघडल्यावर दिसलं, क्लॉक स्क्यू टू ग्रेट, म्हणजे घड्याळांतला फरक फार मोठा.

सर्व्हर चालू होता, सांबा चालू होतं, डिस्क ठणठणीत. फक्त सर्व्हरच्या मते ते दोन वर्षांपूर्वीचं साल होतं.

कर्बेरॉसला वेळेचं एवढं का पडलंय ते समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. क्लायंट आपली ओळख पटवताना त्यात वेळेचा शिक्का मारतो. सर्व्हर बघतो की हा शिक्का आत्ताचा आहे ना. नाहीतर कुणीतरी वायरवरून जाणारी मागणी टिपून ठेवेल आणि संध्याकाळी तीच पुन्हा पाठवेल. दोन्हीकडच्या घड्याळांत ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. ही मर्यादा पॉलिसीने वाढवता येते, पण दोन वर्षं माफ करणारी पॉलिसी कुणी लावत नाही.

त्यात आणखी एक गंमत. डोमेनमधली विंडोज मशीन आपली वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतात. म्हणजे जी मशीन कशीबशी आत शिरली त्यांनी आज्ञाधारकपणे दोन वर्षं मागची तारीख लावून घेतली. मग दुपारी इंटरनेट आलं तेव्हा ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट खोटं ठरायला लागलं, कारण त्या तारखेला ते जन्मलंच नव्हतं. कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल आयसगेट उघडेना. बिल ऑफ एंट्री अडकलेली, पार्टीचे फोन, आणि अकाउंट्सचे काका शांतपणे म्हणाले, "आमच्या वहीला तारीख हाताने लिहायचो, कधी चुकली नाही."

ऑफिस त्या दिवशी कुणी चालवलं माहितीये? आमच्या प्यूनने. त्याने एका मशीनची नेटवर्क केबल उपटली, लॉगिन केलं, झालं, आणि केबल परत लावली. कारण केबल नसली की विंडोजला कंट्रोलर सापडत नाही आणि ते जपून ठेवलेल्या लॉगिनवर आत घेतं. डिफॉल्टने शेवटच्या १० लोकांची आठवण ठेवतं. एएमसीवाल्याचा इंजिनिअर सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसला होता, तोवर या माणसाने निम्मा मजला कामाला लावला.

कारण निघालं ते मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. वीज असते तोवर बोर्डावरचं घड्याळ त्या विजेवर चालतं, प्लग निघाला की या सेलवर. रिफर्बिश्ड मशीन पुसूनबिसून नवंकोरं करून देतात, रॅम, डिस्क बदलतात, सेल मात्र पहिल्या मालकाच्या काळातला. इंटरनेट असतं तर क्रोनीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) दोन मिनिटांत वेळ दुरुस्त केली असती, पण ब्रॉडबँड त्या दिवशी दुपारी उगवलं. आणि बॉक्स लावून देणाऱ्याने कॉन्फिगमध्ये ओळ घातली होती की बाहेरचा कुणी सापडला नाही तर आपलंच घड्याळ खरं मानून इतरांना वाटत सुट. मेलेल्या सेलचं घड्याळ खरं! या ओळीबद्दल मी त्याच्याशी अजून भांडतोय. त्याचं म्हणणं, "सर, सगळे अशीच टाकतात."

म्हणून दोन स्टार. इथे दिवाळीतला भाग संपला.

त्यानंतर जे केलं ते सांगतो. सीएसएमटीबाहेर फुटपाथवर घड्याळवाला बसतो, त्याच्याकडून सेलची अख्खी पट्टी घेतली आणि एका शनिवारी सगळ्या मशीन उघडल्या. रात्री मेन बंद करणाऱ्या प्रत्येक ऑफिसने हे करावं, कारण रोज रात्री बारा-बारा तास तो सेल एकटा राबत असतो. ती ओळ काढून टाकली, आता बाहेरची वेळ मिळेपर्यंत आमचा सर्व्हर कुणाला वेळ सांगत नाही. क्रोनीला एनआयसी (सरकारची आयटी संस्था) आणि एनपीएल (सरकारी भौतिकी प्रयोगशाळा) यांचे टाइम सर्व्हर दिले. हे मला एरवीही करायचंच होतं: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सिस्टिमची घड्याळं या दोघांच्या किंवा त्यांच्याशी जुळलेल्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी मिळवा असं स्पष्ट आहे, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. तो कागद शेठना दाखवल्यावर यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या निमूट मंजूर झाल्या. सरकारी कागदाचा आमच्याकडे असा उपयोग होतो.

खरं सांगायचं तर यात सांबाचा काही दोष नव्हता. विंडोज सर्व्हर असता तरी त्या बॉक्सवर, त्या सेलवर, हेच झालं असतं. हे पटायला मला बरेच दिवस लागले, कारण राग काढायला समोर सांबाच होतं. तीन स्टार.

चौथा स्टार पावसाळ्यात मिळाला. न्हावा शेवाच्या शाखेत एक जुनं मशीन दुसरा डोमेन कंट्रोलर म्हणून लावलं होतं, मध्ये व्हीपीएन, आणि फोर्टातल्या मशीनना दुसरा डीएनएस म्हणून त्याचाच पत्ता. जुलैत एका सकाळी फोर्टातल्या सर्व्हरची एसएसडी गेली. मी पाण्यामुळे कुर्ल्याच्या पुढे सरकू शकत नव्हतो. लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर कळलं की सर्व्हर बंद आहे, आणि सोबत हेही की सगळ्यांचं लॉगिन चालू आहे. फक्त "जरा स्लो वाटतंय." सगळं ऑफिस खाडीपलीकडच्या त्या बिचाऱ्या मशीनवर दिवसभर चाललं. मी सीटवर पोचलो असतो तर नाचलो असतो.

दुसऱ्या दिवशी एफएसएमओचे रोल, म्हणजे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं, त्या मशीनकडे ओढून घेतले. पुस्तकात पाच रोल असतात, सांबाची कमांड सांबा-टूल डीएनएसचे दोन धरून सात दाखवते, घाबरू नका. मेलेल्या कंट्रोलरची नोंद डोमेनमधून काढली, नवी डिस्क टाकून फोर्टाचा बॉक्स नव्या नावाने जॉइन केला. जुनी डिस्क चुकून परत जोडायची नाही, एवढं पथ्य. बॅकअपही नुसती डिस्कची इमेज काढून भागत नाही, त्यासाठी सांबा-टूलची स्वतःची बॅकअपची कमांड आहे, तीच वापरा.

याच वेळी कळलेली खोड: सांबाचे दोन कंट्रोलर युजर, ग्रुप, पासवर्ड एकमेकांना आपोआप देतात, पण सिसव्हॉल फोल्डर देत नाहीत. ग्रुप पॉलिसीच्या फायली त्यात असतात. ते काम आपण आरसिंक (फायली इकडून तिकडे जुळवणारा प्रोग्राम) लावून करायचं. विंडोजमध्ये हे घरचं येतं. आमच्या पॉलिसी क्वचित बदलतात म्हणून रात्री एकदा आरसिंक पुरतो. ज्यांच्याकडे रोज बदलतात त्यांनी विचार करावा.

पासवर्डबद्दलही मत बदललं. डिफॉल्ट म्हणजे कमीत कमी ७ अक्षरं, कॉम्प्लेक्सिटी चालू, दर ४२ दिवसांनी नवा, आणि जुने २४ आठवणीत. सुरुवातीला मला हे कडक आणि छान वाटलं. दोन फेऱ्यांत निकाल दिसला: कीबोर्डखाली चिठ्ठी, आणि पासवर्ड म्हणजे बाप्पाचं नाव, मग महिना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या सिक्युरिटी बेसलाइनमधून (सुरक्षेच्या शिफारशींमधून) पासवर्डची मुदत संपण्याची अट काढून टाकली, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका म्हटलं होतं. आम्ही लांबी १२ केली आणि मुदत काढली. काकांनी पासवर्ड म्हणून एका आरतीची ओळ घेतली आहे, कुठली ते सांगत नाहीत.

दुसरं काय घ्यावं हे विचारणाऱ्यांना: नुसतं ओपनएलडॅप घेतलंत तर डिरेक्टरी मिळेल, कर्बेरॉस आणि पॉलिसी स्वतः शिवत बसाल. फ्रीआयपीए लिनक्सच्या कारखान्याला उत्तम, विंडोज मशीन त्यात सरळ जॉइन होत नाहीत. क्लाउडवालं दर माणशी दरमहा असतं, आणि आमच्या शेठचं माणशी पैशांबद्दलचं मत वर आलेलंच आहे.

तर चार स्टार. पाचवा अडलाय एएमसीच्या रिन्युअलवर. मी करारात एक ओळ घातली आहे: सर्व मशीनचे सीमॉस सेल (तेच ते सीआर २०३२) वर्षातून एकदा तपासून बदलून देणे. तो म्हणतो सेल कन्झ्युमेबलमध्ये येतो, टोनरसारखा, आणि ओळ खोडून कागद परत पाठवलाय. शेठनी विचारलं केवढ्याचा असतो तो सेल. मी आकडा सांगितला. आता शेठ स्वतः त्याला फोन करणार आहेत.