अपडेटनंतर लिनक्स सुरू होईना: जुना कर्नल, स्नॅपशॉट, लाइव्ह यूएसबी की नव्याने इन्स्टॉल?

रात्री अपडेट लावलं, सकाळी मशीन काळ्या पडद्यावर अडकलं. अशा वेळी बरेच जण सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पाच मिनिटं थांबा. तुमच्यापुढे चार वाटा आहेत आणि त्यातली कुठली धरायची ते मशीन कुठवर येऊन थांबतंय यावर ठरतं. म्हणून आधी ग्रबचा, म्हणजे मशीन चालू होताच कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसतो का ते पाहा.

उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांमध्ये हा मेनू एरवी लपलेला असतो. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमध्येच असलेलं सॉफ्टवेअर) असलेलं मशीन सुरू होताना एस्केप दाबायचं, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं. एस्केप पुन्हा पुन्हा दाबलं तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो, तेव्हा बेतानं. मेनू आला की ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, निवडा. दोन मिनिटांचं काम आहे आणि डेटाला काही धोका नाही, म्हणून सुरुवात नेहमी इथूनच. नव्या कर्नलसाठी एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल (ड्रायव्हर) बनलं नसेल, किंवा बूट विभाजन (डिस्कचा कर्नल ठेवण्याचा भाग) भरल्यामुळे इनिटरॅमएफएसची (सुरुवातीला डिस्क उघडायला कर्नलला मदत करणारी) फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, तर जुना कर्नल बहुधा चालतो. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असा संदेश देऊन कर्नल पॅनिक होत (कर्नल पुढे जाता न येऊन थांबत) असेल, तर या अर्धवट फाइलचाच संशय आधी घ्यावा. मात्र बिघाड सिस्टिमडीत (बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामात), एखाद्या मूळ लायब्ररीत किंवा लॉगिन पडद्याच्या पॅकेजमध्ये असेल तर कर्नल बदलून भागत नाही, कारण बाकीची पॅकेजेस तीच राहतात.

फेडोरा एरवी शेवटचे तीन कर्नल ठेवते. आर्चवर नवा कर्नल जुन्याच्या जागीच बसतो, त्यामुळे एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल आधी शेजारी बसवून ठेवला नसेल तर ही वाट बंदच. आणि जुन्या कर्नलवर मशीन उठलं तरी लगेच ‘ऑटोरिमूव्ह’ ही नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा चालवू नका. आधी बूट विभाजनात जागा किती उरली आहे ते बघा.

स्नॅपशॉटच्या, म्हणजे सिस्टिमच्या एखाद्या क्षणी जपून ठेवलेल्या स्थितीच्या, बाबतीत मात्र वितरणावितरणात फार फरक आहे. ओपनसुसे टंबलवीड मूळच्या मांडणीत बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरते आणि पॅकेज बदलण्याआधी व नंतर स्नॅपर हे साधन आपणहून स्नॅपशॉट घेतं. ते थेट ग्रबच्या मेनूत दिसतात. कालचा स्नॅपशॉट निवडायचा, तो आधी फक्त वाचण्यापुरता उघडतो, सगळं ठीक चाललंय अशी खात्री पटली की मगच रोलबॅकची आज्ञा द्यायची. आधी पाहून मग ठरवता येणं हे मला इतकं मोलाचं वाटतं, की ज्याला रोज ताजी पॅकेजेस हवीत पण दुरुस्तीत वेळ घालवणं परवडत नाही, त्याला मी टंबलवीडच सुचवतो.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं साधन आयतंच मिळतं, पण वेळापत्रक तुम्ही स्वतः लावलेलं असलं पाहिजे. ते लावलं नसेल तर आज मागे जायला काहीच नाही. लावलं असेल तर मशीन अजिबात सुरू होत नसतानाही मिंटच्या लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरून इन्स्टॉल न करता सिस्टिम चालवता येते ती यूएसबी) टाइमशिफ्ट उघडून सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. होम फोल्डर ते एरवी वगळतं, त्यामुळे तुमची कागदपत्रं आहेत तशीच राहतात. त्याच मशीनवर डेटाबेस चालत असेल तर तोही मागे जाऊ शकतो, त्याची प्रत आधी काढून घ्या.

स्नॅपशॉट नसेल तर उरतं लाइव्ह यूएसबी आणि सीएच-रूट, म्हणजे यूएसबीवरून डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून आज्ञा चालवणं. वेळ सगळ्यात जास्त या वाटेला लागतो, पण पूर्वतयारीशिवाय चालणारीही हीच. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती आणि अपडेट निम्म्यावर असताना वीज गेली. पॅकेजेस अर्धी उलगडलेली, आणि कुठल्याच कर्नलवर लॉगिनपर्यंत पोचता येईना. लाइव्ह यूएसबीवरून आधी डिस्कची कुठली विभाजनं कशासाठी आहेत ते पाहिलं, मग रूट, बूट आणि ईएफआय ही तिन्ही आपापल्या जागी माउंट केली. देव्ह, प्रॉक, सिस आणि रन या चार फोल्डरांना आतल्या सिस्टिमशी जोडलं आणि सीएच-रूट केलं. मग पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजीला अर्धवट पॅकेजेस पुरी करायला लावलं, त्याच्यावरच्या एपीटीकडून तुटलेली अवलंबनं (एका पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस) दुरुस्त केली, इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं आणि शेवटी ग्रब. तासभर लागला, पण त्याच्या प्रोजेक्टची एकही फाइल गेली नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सगळ्यात आधी ती उघडावी लागते. आर्चच्या यूएसबीवर ही जोडणी ‘आर्च-सीएचरूट’ एका आज्ञेत करून देतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये ग्रबच्या अपडेटनंतर आर्चवर आधारलेली अनेक मशीन बूट होईनाशी झाली, तेव्हा असंच आत शिरून ग्रब पुन्हा बसवल्यावर ती उठली.

एका प्रसंगात यातलं काहीच करून उपयोग नसतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनांवर ‘शिम एसबॅट’ तपासणी फसल्याचा संदेश येऊ लागला. शिम हा लिनक्सचा सगळ्यात आधी चालणारा बूट प्रोग्राम, आणि एसबॅट म्हणजे अशा प्रोग्रामांच्या कुठल्या जुन्या आवृत्त्या नाकारायच्या त्याची नोंद. ही नोंद डिस्कवर नसून फर्मवेअरमध्ये असते, म्हणून जुना कर्नल किंवा स्नॅपशॉट तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेले बूट प्रोग्रामच चालू देणारी फर्मवेअरची तपासणी) तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मॉकयूटिल या साधनाने एसबॅटचं धोरण काढून टाकायचं, रीबूट करायचं आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं.

नव्याने इन्स्टॉल करणं मी शेवटी ठेवतो. इन्स्टॉलर अर्ध्या तासात आटपतो, पण आपली मांडणी, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, पासवर्डांच्या किल्ल्या परत जागेवर यायला दिवस जातात. सिस्टिम आधीच अनेक परक्या रेपॉझिटरींनी भरलेली असेल आणि सीएच-रूटमध्येही अवलंबनं सुटत नसतील, तर मात्र हाच शहाणपणाचा मार्ग. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. उतरवताना फाइली वाचल्या जात नसतील किंवा कॉपी मधेच अडकत असेल, तर डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेली तिच्या तब्येतीची नोंद, काढून पाहा. त्यात वाचता न येणारे सेक्टर वाढताना दिसले तर दोष अपडेटचा नाही, डिस्कचा आहे. मग जे निघतंय ते आधी काढून घ्यायचं आणि इन्स्टॉल नव्या डिस्कवरच करायचं.