उजेडाच्या शिंकेवर कोणता गॉगल चालतो? फोटोक्रोमिक, ठरावीक टिंट आणि क्लिप-ऑनचं परीक्षण

अंधाऱ्या जिन्यातून रस्त्यावर पाऊल पडलं, मॅटिनी शो सुटला किंवा गाडी बोगद्यातून बाहेर आली, की काही सेकंदांत नाकात हुळहुळतं आणि लागोपाठ दोन-तीन शिंका येतात. सर्दी नसते, धूळही नसते. एकदम उजेडात आल्यावर शिंक येण्याचा हा गुण घराण्यातून येतो. आई-वडिलांपैकी एकाला असला तर मुलात उतरण्याची शक्यता निम्मी धरतात. साधारण १८ ते ३५ टक्के लोकांमध्ये तो असल्याचं वैद्यकीय लिखाणात सांगतात. हा आजार नाही. पण ताशी ८० किलोमीटर वेगात एका सेकंदाला २२ मीटर रस्ता मागे पडतो आणि शिंकताना डोळे मिटतात, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये.

चष्म्याच्या दुकानात हा त्रास सांगितला की बऱ्याचदा फोटोक्रोमिक काच सुचवली जाते. ‘उन्हात आपोआप काळी होते, गॉगल वेगळा नको.’ एरवी ही काच सोयीची आहे, पण या कामासाठी ती चुकीची आहे.

कारण काचेच्या रसायनात आहे. प्लॅस्टिकच्या फोटोक्रोमिक काचेतले रंगरेणू अतिनील किरण पडल्यावर आकार बदलतात आणि मग काच गडद होते. बराचसा गडदपणा यायला अर्धा ते एक मिनिट लागतं, पूर्ण गडद व्हायला त्याहून जास्त. शिंक तेवढी थांबत नाही. ती उजेडाच्या पहिल्या झटक्यालाच येते, आणि नेमक्या त्या क्षणी काच पांढरी, म्हणजे पारदर्शक असते. घरातल्या खोलीत १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख. पांढऱ्या फोटोक्रोमिकमधून त्यातला बहुतेक सगळा डोळ्यात जातो. काच काळी होईपर्यंत शिंका येऊन गेलेल्या असतात. एकदा शिंका येऊन गेल्या की काही काळ पुन्हा येत नाहीत, त्यामुळे ‘काच काळी झाल्यावर शिंका थांबल्या’ असा गैरसमज होणं सोपं आहे.

गाडीत तर ही काच आणखी निरुपयोगी ठरते. पुढची काच दोन थरांची असते आणि मधल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात अतिनील किरण अडतात, त्यामुळे साधी फोटोक्रोमिक काच स्टिअरिंगमागे जवळजवळ पांढरीच राहते. दृश्य प्रकाशाने थोड्या गडद होणाऱ्या खास काचा मिळतात, पण त्यांनाही वेळ लागतोच. शिवाय उष्णतेत हे रेणू लवकर मूळ रूपात येतात. महाबळेश्वरच्या थंडीत झकास काळी होणारी काच नागपूरच्या मे महिन्यात फिकी राहते. हा काचेचा दोष नव्हे, रेणूंचा स्वभावच तसा आहे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्ल्यू कट’ काचांवर या त्रासासाठी पैसे घालवू नका. अमेरिकेत १९९३ साली लष्करी वैमानिकांना असलेल्या धोक्याच्या अंगाने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या तरंगलांबी गाळणाऱ्या काचा वापरून पाहिल्या होत्या. निष्कर्ष असा, की शिंक अमुक रंगाच्या प्रकाशाने येत नाही, उजेडाच्या तीव्रतेत होणाऱ्या बदलाने येते. ब्ल्यू कट काच दिसायला जवळपास पारदर्शक असते, म्हणजे तीव्रता ती कमी करतच नाही. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकातच नोंदवलं होतं, की डोळे मिटून उन्हात गेलं तर शिंक येत नाही. गोष्ट ऊन नाकाला लागण्याची नाही, डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाची आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा जोरदार संदेश आणि नाकाची जाणीव वाहणारी ट्रायजेमिनल नस यांची कुठेतरी सरमिसळ होते, असं याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण आहे. काच निवडताना म्हणून एकच विचारायचं: पहिल्या सेकंदाला डोळ्यात किती उजेड जाणार?

या कसोटीला उतरतो तो ठरावीक टिंटचा साधा गॉगल. दांडीच्या आतल्या बाजूला श्रेणीचा आकडा छापलेला असतो, तो बघा. श्रेणी २ म्हणजे १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, श्रेणी ३ म्हणजे ८ ते १८ टक्के. श्रेणी ४ मध्ये ३ ते ८ टक्केच येतो आणि ती गाडी चालवताना वापरायची नसते. श्रेणी ३ ची १५ टक्क्यांची काच एक लाख लक्सचे १५ हजार करते. पायी चालणाऱ्याला, शेतावर, समुद्रावर श्रेणी ३ उत्तम. घाटातल्या बोगद्यांतून गाडी चालवणाऱ्याने मात्र श्रेणी २ घ्यावी, कारण श्रेणी ३ लावून बोगद्यात शिरलं की पहिले काही क्षण पुढचं नीट दिसत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ऊन आणि बोगदा यांची अदलाबदल पुन्हापुन्हा होते. तिथे श्रेणी २ ची तपकिरी काच, आणि बोगद्याचं तोंड दिसायच्या आधीच खाली ओढलेलं सन व्हायझर, ही जोडी चांगली काम करते.

नंबरच्या काचेला टिंट करून घेताना आकड्यात गफलत होते. दुकानात ‘८५ टक्के टिंट’ म्हणतात तेव्हा ८५ टक्के उजेड अडतो आणि १५ टक्के आत येतो, म्हणजे श्रेणी ३. श्रेणीचा आकडा आत येणाऱ्या उजेडावर ठरतो, दुकानातला अडणाऱ्या उजेडावर. ‘३० टक्के’ एवढंच लिहिलं तर ७० टक्के उजेड येणारी फिकी काच मिळेल आणि शिंका तशाच राहतील. टिंटसाठी सीआर-३९ प्लॅस्टिक सोपं, ते गरम रंगात बुडवून रंगवतात. पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लॅस्टिक रंग नीट धरत नाही, त्यामुळे दोन काचांत छटेचा फरक पडू शकतो. वर गडद, खाली फिकी अशी काच गाडीसाठी ठीक आहे, कारण डॅशबोर्ड वाचता येतो. पण पांढरी फरशी, काँक्रीटचा रस्ता किंवा वाळू असेल तिथे खालून उजेड येतोच, आणि तिथे एकसारखीच टिंट हवी.

पोलराइज्ड काचेबद्दल फार बोललं जातं. ती रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक मारते, डोळ्यांना आराम देते. शिंकेसाठी मात्र तिचीही श्रेणीच महत्त्वाची. खरी पोलराइज्ड आहे का, हे फोनचा पडदा काचेतून बघत फोन हळूहळू फिरवून ओळखता येतं. कुठल्यातरी कोनात बहुतेक पडदे काळे पडतात. काही गाड्यांतला डॅशबोर्डचा पडदाही असाच अंधारतो, म्हणून घेण्याआधी गाडीत बसून बघा.

काच बरोबर असूनही गॉगल फसतो तो बाजूच्या फटीमुळे. फॅशनचा सपाट, लहान गॉगल भुवई आणि गाल यांच्यापासून लांब राहतो, आणि कडेने शिरलेला उजेड शिंक आणायला पुरेसा होतो. आरशासमोर उभं राहून बाजूने दिवा धरा. डोळ्याच्या कोपऱ्यावर उजेड सरळ पडला तर फ्रेम बदला. चेहऱ्याभोवती वळलेली फ्रेम, किंवा रुंद दांडीची. काचेच्या मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असलं तर पाठीमागून येणारा उजेड काचेवर आपटून डोळ्यात परतत नाही. वर छत्रीसारखी कड असलेली टोपी घातली तर श्रेणी २ सुद्धा पुरते.

नंबर असणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी वस्तू उघडझाप करणारी क्लिप-ऑन, म्हणजे चष्म्यावर अडकवायची गडद काच आहे. ती बोटाने वर जाते, बोटाने खाली येते. उजेडात जायच्या आधी खाली, सावलीत आल्यावर वर. चुंबकी क्लिप दिसायला छान, पण काढून खिशात ठेवावी लागते, आणि खिशातली क्लिप जिन्याच्या शेवटच्या पायरीला काही कामाची नाही. दुचाकीवाल्यांनी आतला काळा व्हायझर असलेलं हेल्मेट बघावं. पार्किंगमधून निघण्यापूर्वीच तो खाली घ्यायचा, रात्री वर ठेवायचा.

गॉगल विसरला असेल तर एक उपाय करून बघता येतो: नाकाखाली, वरच्या ओठाच्या मधल्या खोलगट भागावर बोट दाबून धरा. काहींची शिंक तेवढ्याने परतते. नाक आणि तोंड दोन्ही बंद करून शिंक आत दाबू नका, दाबाने घशाला इजा होऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाणार असाल तर उजेडाने शिंका येतात हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा. डोळ्याभोवती सुई असताना अचानक शिंक आली तर धोका असतो.

पैसे देताना दोन गोष्टी करून घ्या. दुकानातल्या यूव्ही (अतिनील) मीटरवर काच तपासून घ्या, कारण गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर अतिनील किरण जास्तच आत जातात. आणि बिलावर ‘गडद टिंट’ न लिहिता आत येणाऱ्या उजेडाची टक्केवारी लिहून घ्या. काच फिकी आली तर बदलून मागताना तोच आकडा दाखवता येतो.