चार अँटेनांचा राऊटर आणि आमचा ओटा

लॅमिंग्टन रोडवरून हा राऊटर आणून तीन आठवडे झाले. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या, मधे जाड भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट. जुन्या राऊटरचा स्वयंपाकघरात दम सुटायचा. मी इंजिनीअरिंगच्या मुलांना कम्युनिकेशन शिकवते, त्यामुळे नुसत्या स्पीड टेस्टने माझं समाधान होत नाही.

आधी त्या ‘चार’बद्दल. खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मेगाबिट, बेरीज करून वर ओढलेले. प्रत्येक बँडला अँटेना दोनच. दुकानात ‘चार आहेत मॅडम, रेंज दुप्पट’ म्हणाले, त्यावर जाऊ नका.

पण त्या दोन मोलाच्या आहेत. माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत जाते; पाकीट बिघडलं की वाय-फाय ते गुपचूप पुन्हा पाठवतं, म्हणून चुका वरवर दिसत नाहीत. लाखात एक बिट चुकणं किरकोळ वाटतं. पण १५०० बाइटच्या पाकिटात १२,००० बिट असतात, म्हणजे नऊ पाकिटांमागे साधारण एक वाया. हवेतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या, म्हणजे फ्रेमच्या, हेडरमध्ये ‘रिट्राय’चा (हे पुन्हा पाठवलंय असं सांगणारा) बिट असतो, तो मी दुसऱ्या लॅपटॉपवर वायरशार्क हे पाकिटं तपासणारं सॉफ्टवेअर लावून मोजला.

ओट्यावर फूटपट्टी ठेवली. एका अँटेनाचा जुना वाय-फाय डोंगल वायरीला लावून एकेक सेंटीमीटर सरकवला. शून्यावर ठीक. तीनवर रिट्राय इतके, की व्हिडिओ अडकला. सहावर पुन्हा सुरळीत! ५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ६ सेंटीमीटर; कपाटावरून, पातेल्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात ती जागा आणि जोर देतात ती जागा इतकी जवळ असते. मग लॅपटॉपचं स्वतःचं दोन अँटेनांचं कार्ड चालू केलं. त्याच पट्टीवर सिग्नल पडण्याचा तसा खड्डा एकही नाही. एक अँटेना खड्ड्यात असली तरी दुसरी सहसा नसते.

अनेक वाटांनी परतलेल्या लहरींमुळे सिग्नल असा वरखाली होतो, त्याला रॅले फेडिंग म्हणतात. त्यात पॉवर दसपट केली, तर एका अँटेनाला चुका दहाव्या हिश्शावर येतात आणि दोन स्वतंत्र वाटा असतील तर शंभराव्या. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढते. ओट्यावर प्रत्यक्ष दिसलं तेव्हा लेकीला हाक मारून दाखवलं.

‘स्वतंत्र’ महत्त्वाचं. २.४ गिगाहर्ट्झला दोन अँटेनांत निदान सव्वासहा सेंटीमीटर अंतर असावं. इथे त्याहून जास्त आहे, छान केलंय. एखादी आडवी करून बघा, आमच्याकडे फरक पडला. तक्रार एकच: सेटिंगच्या पानावर सिग्नलचा किंवा रिट्रायचा आकडा कुठेच नाही. अडीच हजारांत तेवढं द्यायला हरकत नव्हती.

सासूबाईंच्या फोनला एकच अँटेना. त्यासाठी राऊटरमधलं एसटीबीसी (स्पेस-टाइम ब्लॉक कोडिंग) चालू ठेवलंय. अभियंते सियावश अलामौती यांनी १९९८ साली मांडलेली युक्ती त्यामागे आहे: पाठवणाऱ्याकडेच दोन अँटेना असल्या तरी खड्डे भरून निघतात, फक्त पॉवर दोघींत वाटली गेल्याने ३ डेसिबल जातात. सासूबाईंचं कीर्तन आता भाजी निवडताना अडखळत नाही.