राजारामपुरीतील सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा : आईच्या लघवीच्या कल्चरचा अनुभव

आम्ही कोल्हापूरचे. माझी आई 72 वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि गेल्या वर्षभरात तिला तीन वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पहिल्या दोन वेळी कल्चर, म्हणजे लघवीतले जीवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी, न करताच गोळ्या सुरू झाल्या. जळजळ चार-पाच दिवसांत थांबली आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या वेळी आम्ही डॉक्टर बदलले. त्यांनी एकही गोळी देण्याआधी कल्चर करून घ्यायला सांगितले आणि राजारामपुरीतील या प्रयोगशाळेची चिठ्ठी दिली.

येथे पहिल्याच दिवशी आमचा नमुना परत करण्यात आला, आणि माझ्या मते या प्रयोगशाळेबद्दल सांगण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आम्ही कसबा बावड्यात राहतो. सकाळी सहा वाजता घरी घेतलेली लघवी मी घरातली कामे उरकून साडेदहाला काउंटरवर दिली. तेथील तंत्रज्ञ ताईंनी नमुना घेतल्याची वेळ विचारली आणि तो स्वीकारला नाही. मी थोडा चिडलो, तरी त्यांनी शांतपणे कारण सांगितले. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जीवाणू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. एप्रिलच्या उकाड्यात साडेचार तास बाहेर राहिलेल्या डबीत दिसणारी संख्या मूत्राशयातली आहे की डबीतच वाढलेली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. नमुना दोन तासांच्या आत पोहोचला पाहिजे, नाहीतर तो लगेच फ्रीजमध्ये ठेवून थंड स्थितीतच आणला पाहिजे. नंतर त्यांनी निर्जंतुक डबी दिली आणि आईसाठी समजावून सांगितले, “मावशींना सांगा, आधी पाण्यानं स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धरायची. डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही.” वर्षभरात तीन दवाखाने झाले, पण ही चार वाक्ये आम्हाला तोपर्यंत कोणीही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवा नमुना दिला आणि त्याचा पूर्ण अहवाल तेथून दोन दिवसांनी संध्याकाळी मिळाला. इतका वेळ का लागतो, हे मी तेथील सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉक्टरांना विचारले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, हे कळल्यावर त्यांनी दहा मिनिटे काढली. जीवाणू वाढवायची प्लेट कामाच्या खोलीबाहेर आणता येत नाही, असे सांगून त्यांनी तिचे छायाचित्र दाखवले. एका मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल अशा ठरावीक मापाच्या वर्तुळाकार तारेने लघवी प्लेटवर ओढतात आणि 37 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. उगवलेल्या प्रत्येक ठिपक्याला वसाहत म्हणतात. अशा 100 वसाहती दिसल्या, तर मिलिलिटरमागे 1 लाख जीवाणू होते असा हिशेब होतो. आईच्या प्लेटवर त्याहून अधिक वसाहती होत्या, आणि त्या सर्व एकाच प्रकारच्या होत्या. तीन-चार प्रकारचे जीवाणू एकत्र उगवले असते, तर बहुधा नमुना घेताना त्वचेवरची भेसळ झाली असे समजून तो पुन्हा मागवावा लागला असता.

प्लेटवरील माध्यमाचे नाव मॅकॉन्की अगर. त्यातील पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम-पॉझिटिव्ह या एका मोठ्या गटातील जीवाणूंना रोखतात, आणि लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती गुलाबी होतात. आईच्या वसाहती गुलाबी आणि कोरड्या होत्या. क्लेबसिएला हा दुसरा जीवाणू असता, तर त्या बहुधा चिकट, बुळबुळीत दिसल्या असत्या. पण केवळ रंगावरून नाव ठरत नाही, म्हणून वसाहतीतून थोडा अंश घेऊन तो नळ्यांतल्या जैवरासायनिक चाचण्यांत टाकला आणि आणखी एक रात्र ठेवला. इंडोल चाचणीत लाल रंगाचे कडे दिसले, सिट्रेटची नळी हिरवीच राहिली, युरिएज नकारात्मक आले, आणि तेव्हा ई. कोलाय हे नाव लिहिले गेले. ज्या ठिकाणी प्रथिनांवरून जीवाणू ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र आहे तेथे ही ओळख काही मिनिटांत पटते, पण त्यासाठीही वसाहत आधी उगवावी लागतेच.

अगर म्हणजे आपण घरी पुडिंगसाठी आणतो ते चायनाग्रास. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वाल्थर हेसे जिलेटिन वितळते म्हणून अडले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातील अनुभवावरून अगर सुचवले आणि शरीराच्या तापमानालाही घट्ट राहणारा पृष्ठभाग मिळाला. हे आईला सांगितल्यावर रिपोर्टविषयीची तिची भीती बरीच कमी झाली.

खरा उपयोग झाला तो सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे कोणते औषध त्या जीवाणूवर चालते हे सांगणाऱ्या पानाचा. म्युलर-हिंटन अगरवर जीवाणू पसरून त्यावर प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती वाढ न झालेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. आईचा जीवाणू ईएसबीएल हे विकर (एन्झाइम) तयार करणारा निघाला. हे विकर सेफॅलोस्पोरिन गटातील बहुतेक औषधे निकामी करते, आणि आधीच्या दोन्ही वेळी आईला याच गटातील गोळ्या दिल्या होत्या. आमच्या मामांनी सर्वांत मोठे वर्तुळ असलेले औषध घ्यावे असा आग्रह धरला, तेव्हा प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट केले की दोन वेगळ्या औषधांच्या वर्तुळांची आपसांत तुलना होत नाही, कारण प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी ठरवलेली असते. अखेर आमच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहून नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक दिले आणि त्याने आईला आराम पडला.

उणिवा आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जे स्वच्छतागृह आहे त्यात धरायला दांडी नाही. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध बाईने तेथे मधली धार कशी धरावी, हा विचार झालेला नाही. अहवाल सांगितलेल्या वेळेपेक्षा पाच तास उशिरा आला आणि त्या काळात काउंटरचा फोन कोणी उचलला नाही. संपूर्ण अहवाल इंग्रजीत असतो. एस (औषध चालते), आय (मधली स्थिती) आणि आर (औषध चालत नाही) या अक्षरांचा अर्थ मराठीत दोन ओळींत छापला, तर कितीतरी घरांतला गोंधळ थांबेल. दर साध्या लघवी तपासणीपेक्षा पुष्कळ अधिक आहे, पण दोन वेळा निरुपयोगी ठरलेल्या गोळ्यांचा खर्च आठवला की मला तो रास्त वाटतो.

जाणाऱ्यांनी प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यावा. आधीच सुरू केली असेल, तर तिचे नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे, तेथे ते विचारतात. डबी आदल्या दिवशी आणून ठेवता येते. शनिवारी संध्याकाळी मात्र नमुना देऊ नये, कारण रविवारी अहवालाविषयी बोलायला तेथे कोणी नसते.