पद्मिनीचा नवा मास्टर सिलेंडर: आठ महिन्यांनंतर

वडिलांची प्रीमियर पद्मिनी दिवाळीनंतर पुन्हा रस्त्यावर आणली. जुना मास्टर सिलेंडर (ब्रेक पेडल दाबलं की चाकांकडे ऑईल ढकलणारा भाग) आतून गंजलेला, पेडल दाबून धरलं की हळूहळू तळाला जायचं. नवा घेतला तो बाजारातला, मूळ कंपनीचा नाही.

पहिले पंधरा दिवस मी या सिलेंडरलाच दोष दिला. पेडल मऊ. दोनदा पंप मारला की वर यायचं, मिनिटभराने पुन्हा खाली. यवतेश्वरचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरवरसुद्धा पोटात गोळा यायचा. गॅरेजमध्ये चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा दोनदा काढली, ब्रेक ऑईलचा डबा संपला, फरक शून्य.

हवा सिलेंडरच्या पोटातच होती. तो कोरडाच गाडीला लावला होता. शेवटी उतरवून घरी वाईसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आडवा धरला, ऑईल भरलं, तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं परत टाकीतल्या ऑईलमध्ये बुडवली. बोथट स्क्रूड्रायव्हरने पिस्टन सावकाश दाबायचा, सावकाश सोडायचा. आधी फेस आला, मग टपोरे बुडबुडे, मग वाळूएवढे बारीक. ते थांबायला वीसेक मिनिटं लागली. घाई करू नका, सगळं काम इथेच आहे.

गाडीला लावल्यावर आधी चारही ड्रम (चाकांमधले ब्रेक) अ‍ॅडजस्ट केले, नाहीतर पेडल खालीच राहतं आणि आपण हवा शोधत बसतो. मग हवा काढायला सिलेंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक पहिलं. पुतण्या पेडलवर. "काका, धरलंय!" म्हणाला की निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) पाव फेरा सैल करायचा, घट्ट केल्यावरच "सोड" म्हणायचं. आधी सुटलं तर हवा परत आत. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

तेव्हापासून पहिल्याच दाबाला पेडल कडक. सिलेंडरच्या टोकाचा रबरी बूट (टोपी) कोरडा, टाकीतली पातळी जागच्या जागी. तक्रार एकच: खोक्यात माहितीचा कागदही नव्हता. पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) घट्ट बसला होता, त्यामुळे दहा किलोमीटरमध्ये ड्रम तापले. रॉडला किंचित मोकळीक दिल्यावर ते थांबलं.

डॉट ३ दर्जाचं हे ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढतं. उकळायचं तापमान कोरडं असताना किमान २०५ अंश, ओल शिरल्यावर १४० पर्यंत येतं. साताऱ्याचा पाऊस बघता मी ते दरवर्षी बदलणार. यंदाचा डबा आणून ठेवलाय, कासची फुलं बघायला जायच्या आत बदलेन.