सोबतच्या माणसाची वेगळी फाईल: कर्करुग्णांच्या कुटुंबीयांसाठीची समुपदेशन सेवा

कर्करोगाच्या उपचारांत रुग्णाची फाईल महिन्यागणिक जाड होत जाते आणि प्रत्येक वेळी त्याच्यासोबत येणाऱ्या माणसाची नोंद मात्र ‘नातेवाईक’ या रकान्यातल्या फोन नंबरापुरतीच राहते. आईच्या आजारपणात, केवळ घरच्या शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका समुपदेशन सेवेचा मी दीर्घकाळ लाभ घेतला. तिथे पहिल्याच भेटीत माझ्या नावाची स्वतंत्र फाईल उघडली गेली, आणि आईच्या प्रकृतीचा विषय मीच काढेपर्यंत समुपदेशकांनी तो काढला नाही. अशी सेवा कशी आहे हे ठरवायचे असेल, तर मी सर्वांत आधी हीच गोष्ट तपासून पाहीन.

सुरुवातीला दोन कागद भरून घेतले जातात. पहिल्यावर तापमापकाचे चित्र असते आणि गेल्या आठवड्यातला मानसिक त्रास ० ते १० या अंकांत दाखवायचा असतो. ४ किंवा त्याहून अधिक अंक आला की पुढची विचारपूस होते. दुसरी, शुश्रूषा करणाऱ्यावर पडणारा भार मोजणारी २२ प्रश्नांची झारिट प्रश्नावली. आपल्या माणसाच्या सहवासात तुम्हाला राग येतो का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. रात्री तिसऱ्यांदा उठवले गेल्यावर मनात जे उसळते आणि ज्याची लगेच लाज वाटते, ते कुणीतरी आधीच छापून ठेवलेले पाहून मला फार हायसे वाटले. मात्र ही प्रश्नावली १९८० मध्ये मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांसाठी तयार झाली. केमोच्या दोन फेऱ्यांमधली चढउतार, स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंतचे दिवस, आजार उलटण्याची धास्ती, यांतले तिच्यात काहीच नाही. खास कर्करुग्णांच्या शुश्रूषाकर्त्यांसाठी ३५ प्रश्नांची प्रश्नावली १९९९ पासून उपलब्ध असताना ती का वापरली जात नाही, हे मला समजले नाही.

समुपदेशन मात्र मनापासून दाद द्यावी असे होते. “हे सगळे एकदाचे संपावे” असे वाटते आणि त्याचा अर्थ आईने जावे असा होतो, हे मी तोपर्यंत कुणाजवळही बोलू शकले नव्हते. समुपदेशक बाई लगेच धीर द्यायला पुढे आल्या नाहीत. थोडे थांबून त्यांनी विचारले, “नेमके काय संपावे असे तुम्हाला वाटते?” मग आईच्या वेदना, माझे जागरण, घरी येणाऱ्यांना तीच माहिती पुन्हापुन्हा सांगणे, अशी एकेक गोष्ट निघत गेली आणि त्यांतल्या काहींवर उपाय होता. वेदनांच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून नव्याने लावून घेता आल्या. नातेवाइकांना खबर देण्याचे काम भावाने घेतले. अंथरुणातल्या माणसाला कूस कशी बदलवायची आणि तसे करताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची, हे परिचारिकेने माझ्याकडून प्रत्यक्ष करवून घेतले, आणि त्या तासाभराने माझी जितकी भीती गेली तितकी नुसत्या बोलण्याने गेली नसती. संशोधक लॉरेल नॉर्थहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कर्करुग्णांच्या शुश्रूषाकर्त्यांना दिलेल्या मदतीचा परिणाम तपासणाऱ्या २९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. माहिती, कौशल्यांचे शिक्षण आणि समुपदेशन यांमुळे शुश्रूषाकर्त्यांवरचा भार काही प्रमाणात कमी होतो, असे त्यात दिसले. परिणाम लहान ते मध्यम आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण रोजची झोप उडालेल्या माणसाला तेवढा फरकही पुष्कळ असतो.

आठवड्याच्या गटाबद्दल माझे मत संमिश्र आहे. तिथे समजावून सांगावे लागत नाही, हा मोठा दिलासा. एका गृहस्थांनी, रात्री पत्नीचा श्वास मोजत पडून राहतो, असे सांगितले तेव्हा बहुतेकांनी माना डोलावल्या. परंतु नुकतेच निदान झालेल्यांचे आणि शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे कुटुंबीय एकाच वर्तुळात बसवणे दोघांसाठीही कठीण जाते, आणि ही विभागणी व्हायलाच हवी. ज्यांची उदासी सलग दोन आठवडे हटत नाही किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी गटावर विसंबू नये, त्यांना मनोविकारतज्ज्ञच हवा. इथले समुपदेशक हे स्पष्ट सांगतात आणि स्वतः वेळ ठरवून देतात, हे मला जबाबदारीचे वाटले.

खरी उणीव वेळेची आहे. भेटी दुपारच्या असतात, म्हणजे रुग्णाजवळ दुसरे कुणी बसवल्याखेरीज येताच येत नाही; ज्याला असे दुसरे माणूसच नाही, त्याला या सेवेची सर्वाधिक गरज असूनही तो दाराशी पोहोचत नाही. रात्री, रुग्ण झोपल्यानंतर, फोनवर बोलण्याची सोय असायला हवी. भेटीअखेर हाती दिले जाणारे ‘स्वतःची काळजी घ्या’ छापाचे पत्रक तर बंदच करावे. ज्याला अंघोळीपुरती उसंत नाही, त्याला रोज अर्धा तास फिरायला सांगून काय साधणार?

आई गेल्यावर समुपदेशक बाईंचा एकदा फोन आला, त्यानंतर माझी फाईल बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेत, कुटुंबीयांना शोकाच्या काळात आधार देणेही येते, आणि औषधांच्या वेळांना उगीचच जाग येत राहण्याचे माझे दिवस नेमके तेव्हा सुरू झाले होते. पहिल्या वर्षभर तरी ही भेट चालू ठेवावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.